शैवलांचे लिंग आणि त्याचे अनुमान

मराठीत 'लिंग' हा एकच शब्द दोन कामे करतो. व्याकरणातील लिंगही तेच आणि सजीवांतील नर-मादी हा भेदही तेच. संस्कृतात त्याला आणखी एक, आणि अधिक मूलभूत, अर्थ आहे : चिन्ह, खूण. नैयायिक धुराला अग्नीचे लिंग म्हणतात ते ह्याच अर्थाने. दिसणाऱ्या धुरावरून न दिसणाऱ्या अग्नीचे अनुमान करावयाचे. सागरी शैवलांचे लिंग जनुकीय खुणांवरून ओळखण्याची जी पद्धती अलीकडे रूढ होत आहे, ती समजून घेण्यास हा अर्थ फार उपयोगी पडतो. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना पुढील काही विधाने प्राथमिक वाटली तर त्यास इलाज नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला कोरलई, मुरूड, हरिहरेश्वर येथील कातळ उघडे पडतात आणि त्यांवरील हिरवी, तपकिरी व लाल शैवले हाताशी येतात. (कोरलई हे गाव भाषाशास्त्रज्ञांना तेथील पोर्तुगीज-मिश्र बोलीमुळे परिचित आहे. बोलणारे तिला 'नॉ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. आपल्या 'लिंगा'शी त्या शब्दाचा काही संबंध नाही.) मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील शैवलांचे वर्णन बॉर्गेसेन ह्या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३० पासून प्रसिद्ध केलेल्या लेखांत केले. पश्चिम किनाऱ्यावर सामान्यतः आढळणाऱ्या लाल शैवलांपैकी ग्रासिलारिया ही प्रजाती आपण उदाहरणादाखल घेऊ.

ग्रासिलारियाचे तीन झुपके समोर ठेवले, तर त्यांतील एक नर, दुसरा मादी आणि तिसरा ह्या दोहोंपैकी कोणीच नाही, अशी स्थिती असू शकते. आणि तिन्ही दिसावयास सारखेच असतात. ह्या शैवलाच्या जीवनचक्रात दोन स्वतंत्र पिढ्या आहेत. गंतुकधारी पिढीत गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि तीत नर व मादी वेगळे असतात. त्यांच्या मीलनातून, काही टप्प्यांनंतर, दोन संचांची बीजुकधारी पिढी उद्भवते. तिला लिंग नाही. ती न्यूनीकरण विभाजनाने बीजुके निर्माण करते. त्यांतील निम्म्यांपासून नर आणि निम्म्यांपासून मादी वाढतात. मादी ओळखू येते ती फलन झाल्यावर, अंगावर बारीक गाठी उठल्या म्हणजे. फलनापूर्वी ती मादी नव्हती असे कोणी म्हणणार नाही. परंतु तसे सांगणारी खूण तोवर बाहेर कोठेही नसते.

बाह्य खुणेने लिंग ठरविण्यातील ही अडचण आपल्या व्याकरणपरंपरेला नवी नाही. पाणिनीच्या 'स्त्रियाम्' ह्या सूत्रावरील भाष्यात पतंजलीने स्तन, केस इत्यादी लौकिक खुणांनी लिंगाची व्याख्या करून पाहिली आहे आणि खाट व वृक्ष ह्यांच्यापाशी ती लंगडी पडते हे दाखविले आहे. खाटेला अशी कोणतीच खूण नाही, तरी 'खट्वा' स्त्रीलिंगीच. पतंजलीचा प्रश्न शब्दांचा होता, आपला वस्तूचा आहे. दोन्हीकडे खूण अन्यत्र शोधावी लागते, एवढेच साम्य.

ही अन्यत्र असलेली खूण म्हणजे डीएनएचा लिंगाशी निगडित असा तुकडा. मनुष्यात लिंगनिश्चिती दोन संचांच्या अवस्थेत, एक्स व वाय गुणसूत्रांनी होते. ज्या शैवलांत एकाच संचाच्या पिढीत नर-मादी वेगळे असतात, तेथे मादीच्या गुणसूत्राला 'यू' आणि नराच्या गुणसूत्राला 'व्ही' म्हणण्याचा प्रघात आहे. केवळ यू असेल तर मादी, केवळ व्ही असेल तर नर, दोन्ही असतील तर बीजुकधारी. म्हणजे दोन खुणांनी तीन प्रश्न सुटतात. शैवलाच्या कणभर तुकड्यातून डीएनए काढावयाचा, पीसीआर पद्धतीने इष्ट भागाच्या असंख्य प्रती करावयाच्या आणि जेलवर पट्टे पाहावयाचे. (हे जेल ज्या ॲगारोजचे असते, ते लाल शैवलांपासूनच निघते!) एकही पट्टा दिसला नाही तर मात्र 'लिंग नाही' असा निष्कर्ष काढू नये. शैवलांतील चिकट शर्करायुक्त द्रव्ये विक्रियेत अडथळा आणतात. तेव्हा तिन्ही अवस्थांत असलेल्या एखाद्या सामान्य जनुकाचा पट्टा सोबत दिसलाच पाहिजे.

खरा प्रश्न व्याप्तीचा आहे. धूर तेथे अग्नी हे साहचर्य अव्यभिचारी असेल तरच अनुमान टिकते. ग्रासिलारिया ग्रासिलिस ह्या युरोपीय जातीत लिंगाशी घट्ट निगडित खुणा १९९९ साली प्रसिद्ध झाल्या. परंतु त्या यादृच्छिक प्रायमरांनी हुडकलेल्या होत्या, आणि अशी खूण लिंगनिर्णायक भागाच्या केवळ शेजारची असेल, तर न्यूनीकरण विभाजनातील पुनःसंयोजनाने ती आपल्या लिंगापासून तुटू शकते. नैयायिकांच्या भाषेत हा सव्यभिचार हेतू होय. खूण पुनःसंयोजन न होणाऱ्या भागाच्या आत असावी, हा त्यावरील उपाय. एक्टोकार्पस ह्या तपकिरी शैवलात असा भाग २०१४ साली तपशीलवार वर्णिला गेला. तो ७ कोटी वर्षांहून जुना आहे. त्यातील नर ठरविणारे जनुक २०२४ साली प्रयोगाने निश्चित झाले. ते निकामी केले असता नराची मादी होते. हे जनुक ज्या 'एचएमजी' कुलातील आहे, त्याच कुलातील 'एसआरवाय' हे जनुक मनुष्यात पुरुषत्व ठरविते. शैवले आणि प्राणी ह्यांनी तो मार्ग स्वतंत्रपणे धरला, हे विशेष.

हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नाही. चिलीमध्ये ग्रासिलारियाची शेती तुकडे लावून होते. तेथे वर्षानुवर्षे हे चालल्याने शेतांत बीजुकधारींचेच प्राबल्य झाले आणि लैंगिक पुनरुत्पादन जवळजवळ थांबले. भारतात २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शैवलांसाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद झाली. रायगडच्या किनाऱ्यावर ग्रासिलारियाची लागवड करावयाची, तर बियाणे कोणत्या पिढीचे आणि कोणत्या लिंगाचे हे लागवडीपूर्वीच कळणे इष्ट होय. त्यासाठी युरोपीय जातीची खूण उसनी घेऊन भागणार नाही. एका जातीतील व्याप्ती दुसरीत गृहीत धरता येत नाही. येथील कातळावरचा एक बीजुकधारी झुपका आणून त्याची बीजुके प्रयोगशाळेत वाढवावीत, त्यांचे लिंग सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहून नोंदवावे, आणि जी खूण सर्व भावांत आहे व एकाही बहिणीत नाही, किंवा सर्व बहिणींत आहे व एकाही भावात नाही, तीच प्रथम निवडावी. मग दुसऱ्या कातळावरच्या झुपक्यांवर ती पारखावी.