आशाताईने विचारलं तर धाप लागते ते खरं सांगा

पिरंगुट : राब भाजायचे दिवस आले की संध्याकाळी आपल्या शिवारावर निळा धूर बसतो. शेण, टहाळ, पातेरा जाळल्याशिवाय इंद्रायणीचं रोप धरत नाही, असं आपण ऐकत आलो. मीही भाजायचो. त्याच आठवड्यात माझी आई रात्र रात्र बसून काढायची, छातीत शिट्टी वाजायची. आशाताई फॉर्म घेऊन आल्या तर म्हणाली, "काय नाय, वय झालं."

हा फॉर्म म्हणजे सीबॅक. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचा भरतात, पैसे लागत नाहीत. लोकांना वाटतं फक्त बीपी-शुगरचा आहे. पण धाप लागते का, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का, स्वयंपाक कशावर करता, शेतातला पाला जाळता का, धुराधुळीच्या कारखान्यात काम आहे का, हेही त्यात आहे. आपल्याकडे सकाळी शेत आणि दुपारपाळीला कंपनी करणारे थोडे नाहीत. उत्तर 'हो' आलं तर ताई आरोग्य केंद्रात पाठवतात. 'काय नाय' म्हटलं की विषय तिथंच संपतो.

लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्या यादीत दमाही आहे. पण तेव्हा आई-बाप शेतात असतात. म्हणून पोर रात्री खोकतं, पळालं की दम लागतो, हे बाईंना आधीच सांगून ठेवा.

आता पंपाचं. "एकदा लागला की सुटत नाही" हे पारावरचं ज्ञान. साधा हिशोब बघा. सालब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची, पंपाचा एक दाब 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत 40 दाबांचं औषध, आणि ते सगळ्या अंगभर फिरतं, हात थरथरतात. पंपाचं औषध थेट छातीत जातं. मात्र हा पंप तात्पुरता आराम देतो. आतली सूज कमी करणारा पंप वेगळा, तो बरं वाटलं तरी डॉक्टर सांगतील तोवर रोज घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. म्हाताऱ्यांना नि पोरांना दाब आणि श्वास जुळत नाही, त्यांनी स्पेसर मागून घ्यावा.

खाण्याच्या ॲलर्जीकडे तर आपण बघतच नाही. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावायचं. नुसती खाज असेल तर एकवेळ ठीक. पण शेंगदाणा, अंडं, मासा, दूध असलं काही खाल्ल्यावर ओठ सुजले, आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली तर आमसूल बाजूला ठेवा आणि 108 ला फोन करा. मांडीत द्यायचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लवकर मिळायला हवं. तोवर पेशंटला चालवू नका. चक्कर असेल तर आडवं, धाप असेल तर बसवून ठेवा. दमा असलेल्या पोराला हा झटका जास्त जड जातो. आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत सगळीकडे कूट असतो, त्यामुळे शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना लेखी कळवा. पाकिटबंद खाऊवर ॲलर्जीच्या पदार्थांची नावं छापणं कायद्याने बंधनकारक आहे, ती वाचा.

राबाचं म्हणाल तर चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची काळी राख गादीवाफ्यात मिसळतात, राब भाजावा लागत नाही. मी एका खाचरापुरतं करून पाहिलं. तण थोडं जास्त आलं, दोनदा बेणावं लागलं. आईनं यंदा फॉर्मवर 'हो' सांगितलंय.