वाळलेले रान मेलेले नसते

फाल्गुन-चैत्रात जांबुघोड्याचे रान पाहून आलेले बडोदेकर हळहळतात, 'सारे वाळले हो!' वस्तुतः तसे नसते. पावसाळा सरला की जमिनीचा वरचा थर आधी सुकतो, ओल खालीच उरते. पानांवाटे पाणी उडू नये म्हणून साग पाने टाकतो. खोल मुळांच्या बळावर पळस आणि मोह निष्पर्ण फांद्यांवरही फुलतात. खरी भीती रोपट्यांची. त्यांची मुळे वरच्याच थरात. पाऊस लांबला की आधी ती जातात. कित्येक रानांत मोहाची फुले वेचण्यासाठी पाचोळा जाळतात. ओल राखणारे पांघरूणच जाते. जुने वृक्ष डौलात उभे, मागे रोप नाही! बुजुर्ग गवई आहेत, पण शिष्य नाहीत, अशा घराण्याची गत आपण जाणतोच.