तुटलेली कंडरा आणि उतावीळ तरुण

बेंचप्रेस करताना काखेपाशी काही फाटल्याचा आवाज होतो, काखेपुढची वळी नाहीशी होते, दंड काळानिळा पडतो. आमचे तरुण त्याला ‘लचक’ म्हणतात आणि तेल चोळीत बसतात! वस्तुतः छातीच्या मोठ्या स्नायूला दंडाच्या हाडाशी बांधणारी कंडराच तुटलेली असते. आणि बहुधा ती वजन वर रेटताना नव्हे, छातीकडे उतरवताना तुटते.

शस्त्रक्रियेने ती हाडाशी पुन्हा जोडता येते. सुमारे ६ आठवड्यांच्या आत जोडल्यास बहुतेकांची ताकद जवळजवळ पूर्ववत होते. शस्त्रक्रिया टाळणाऱ्याचा हात रोजच्या कामाला पुरतो, परंतु छातीसमोर रेटा देण्याचे बळ बहुधा उणेच राहते. फार विलंब झाला तर स्नायू आखडतो आणि मधले अंतर भरण्यास दुसरी कंडरा लावण्याची पाळी येते.

तथापि आम्हांस अधिक धास्ती वाटते ती पुढच्या काळाची. हात ४ ते ६ आठवडे गळ्यात बांधून ठेवावयाचा, जड वजनास सुमारे ६ महिने शिवावयाचे नाही. तिसऱ्या महिन्यात दुखणे ओसरते, आरशात छाती सारखी दिसते आणि मोह अनावर होतो. व्यायामशाळांच्या चालकांनी त्या दिवसांत अशा मुलास बारपाशी फिरकू देऊ नये.