८०८५ चे किट आणि निनावी कार्ड

एका किटभोवती चार-पाच जण. एक जण बटणे दाबतो, दुसरा ओपकोड वाचून दाखवतो, बाकीचे जर्नल पुरे करतात. महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेल्या कित्येक तुकड्यांनी संगणक आतून पाहिला तो असा. समोर उघडी हिरवी पाटी, तिच्यावर आयसींच्या रांगा, दोन डझन बटणे आणि सहा लाल आकडे.

इंटेलने ८०८५ हा प्रोसेसर १९७६ साली आणला. त्यात सुमारे साडेसहा हजार ट्रान्झिस्टर होते. आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत. याचे एका पाच व्होल्टवर भागले. त्याच वर्षी अमेरिकेत केआयएम-१ हा एका पाटीवरचा संगणक विकायला आला आणि पाठोपाठ इंटेलने ८०८५ शिकवण्यासाठी एसडीके-८५ काढले. आपल्याकडच्या प्रयोगशाळांतली किट्स त्याच वळणाची. मुंबईची डायनालॉग, दिल्लीची व्हिनिटिक्स, बंगळूरची इलेक्ट्रो सिस्टिम्स असोसिएट्स ही नावे पाटीच्या कोपऱ्यात छापलेली अनेकांना आठवतील. पुस्तक म्हणजे रमेश गावकरांचे. ते न्यूयॉर्क राज्यातल्या ऑनंडागा कम्युनिटी कॉलेजात शिकवत आणि त्यांच्या पुस्तकाची भारतीय आवृत्ती मुंबईच्या पेनरामने काढली. मुलांनी ८०८५ ला ‘फक्त परीक्षेपुरता’ म्हणू नये: १९९७ साली मंगळावर फिरलेल्या सोजर्नर गाडीत याच प्रोसेसरची कमी वीज खाणारी आवृत्ती होती.

ही किट्स आता भंगारात जात आहेत. डेडस्टॉक रजिस्टरवरून निर्लेखन होते, लिलाव होतो, वजनावर माल उचलला जातो. माझे किट नाशिकच्या एका भंगारवाल्याकडून आले. त्र्यंबक, मोखाडा करत ते जव्हारला पोचले तेव्हा पत्र्याच्या पेटीत त्याच्यासोबत पन्नास तारांच्या चपट्या एफआरसी केबलने जोडलेले एक दुसरे कार्ड होते. कार्डावर ना कंपनीचे नाव, ना क्रमांक. हाताने आखून कोरलेले ट्रॅक, काही ठिकाणी वरून टाकलेल्या निळ्या-पिवळ्या वायरी. किटची माहितीपुस्तिका आजही खटपट करून मिळते. या कार्डाची पुस्तिका कोणी लिहिलेलीच नव्हती, आणि म्हणून पेटीतली मोलाची वस्तू मला तीच वाटली.

जुने यंत्र हाती आले की ते चालू करून बघण्याची घाई होते. मोखाड्यात टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारे एक काका आहेत. पेटी उघडताच ते म्हणाले, “सर, वीज नंतर. आधी सप्लाय सुटा करा, तो सिरीज लॅम्पवर बघू.” मेन्सच्या वाटेत साधा बल्ब टाकायचा, आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि नुकसान टळते. या किटच्या सप्लायमध्ये ७८०५ हा रेग्युलेटर असतो. तो आतून शॉर्ट झाला तर पाच व्होल्टच्या जागी नऊ-दहा व्होल्ट थेट सगळ्या आयसींवर जातात, आणि मग दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही. फुगलेले दोन कंडेन्सर बदलले, खोटा भार देऊन सप्लाय तासभर चालवला. पाच व्होल्ट पक्के निघाले.

पाटीची अवस्था वाईट होती. स्मृती जपण्यासाठी बसवलेली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळली होती आणि तिच्या क्षाराने आजूबाजूचे ट्रॅक हिरवे पडले होते. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंचीवर. पावसाळ्याचे चार महिने इथे धुके घरात येते, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. अशा हवेत उरलासुरला क्षार पुन्हा ओल ओढतो आणि तांबे खात राहतो. म्हणून बॅटरी काढून तो भाग व्हिनेगरने, मग पाण्याने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला आणि पाटी बल्बच्या उबेत वाळवली. तुटलेले ट्रॅक बारीक तारेने सांधले.

त्याआधी एक काम उरकले होते: ईप्रॉम वाचून घेणे. या चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची खिडकी असते. अतिनील प्रकाशाखाली पंधरा-वीस मिनिटांत आतला मजकूर पुसला जातो. उघडी खिडकी थेट उन्हात ठेवली तर आठवडाभरात आणि ट्यूबलाइटखाली तीनेक वर्षांत तेच घडू शकते. किटच्या तिसऱ्या बेसमधल्या २७६४ वरचे लेबल गळून पडले होते. ती यूएसबी प्रोग्रामरवर पुन्हा पुन्हा वाचली, प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीशी ताडली, आणि सगळ्या जुळल्यावरच खिडकीवर चंदेरी चिकटपट्टी लावली. पाटी दुरुस्त करता येते. पुसलेला प्रोग्राम परत आणता येत नाही.

आता कार्ड. आधी त्यावरच्या आयसींचे क्रमांक उतरवले: ८२५५, एडीसी ०८०९, ७४एलएस१३८, यूएलएन२००३, शिवाय दोन रिले. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून केबलची प्रत्येक तार प्रोसेसरच्या कोणत्या पायाशी जाते ते तपासले. विसावा पाय ग्राउंड, चाळिसावा पाच व्होल्ट, एकतिसावा लिहिण्याचा, बत्तिसावा वाचण्याचा. हे पाय सापडले की बाकीचे उलगडते. प्रत्येक कंपनीच्या कनेक्टरमधला क्रम वेगळा असल्यामुळे इथे अंदाज चालत नाही.

८०८५ चे खालचे आठ पत्ते डेटाच्याच तारांवरून येतात आणि ते धरून ठेवायला सहसा ७४एलएस३७३ लागते. या कार्डावर ती नव्हती. पत्ता वरच्या आठ तारांवरून घेतला होता. ८०८५ मध्ये इन आणि आउट या सूचनांच्या वेळी पोर्टचा पत्ता खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही तारांवर उमटतो. हे ठाऊक असणारा एक आयसी वाचवतो. कार्ड करणाऱ्याला ८०८५ नीट कळलेला होता. तो शिक्षक असेल, नाहीतर प्रोजेक्टसाठी रात्री जागणारा विद्यार्थी. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटला.

ईप्रॉममध्ये सुरुवातीलाच ‘३ई ९८ डी३ ४३’ असे आकडे होते. म्हणजे ९८ हा शब्द ४३ या पोर्टवर पाठवा. ८२५५ साठी याचा अर्थ होतो: ए पोर्टवरून आत घे, बी पोर्टवरून बाहेर दे, सी चा वरचा अर्धा भाग आत. एडीसी ०८०९ जोडण्याची ही ठरलेली मांडणी. म्हणजे बाहेरचे काहीतरी मोजले जात होते. काय, ते एडीसीच्या बाराव्या पायाने सांगितले. तिथे संदर्भ व्होल्टेज असते. प्रीसेट न हलवता मोजले तर ते २.५६ व्होल्ट भरले. त्याचे २५६ भाग केले की एक भाग दहा मिलिव्होल्टचा. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर एका अंशाला नेमके दहा मिलिव्होल्ट देतो. एडीसीचा आकडा म्हणजेच अंश सेल्सिअस!

पुढे कोडात ‘एफई २५’ आणि ‘एफई २६’ अशा दोन तुलना होत्या. सोळाच्या पायाने लिहिलेले २५ आणि २६ म्हणजे आपले ३७ आणि ३८. सदतिसाच्या खाली पहिला रिले लागतो, अडतिसाला सुटतो. त्या रिलेचे संपर्कबिंदू काळे पडले होते; त्याने हीटर चालवला असणार. पण ३७ अंश जीवाणू वाढवणाऱ्या प्रयोगशाळेलाही लागतात आणि अंड्यांनाही. निकाल दुसऱ्या रिलेने लावला. कोडातल्या विलंबाच्या फेऱ्यांचे टी-स्टेट मोजून ६.१४४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलप्रमाणे हिशेब केला, तर हा रिले साधारण दोन तासांनी एकदा काही सेकंद लागत होता. जीवाणूंना कूस बदलावी लागत नाही. अंड्यांना लागते, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. हे उबवणी यंत्राचे नियंत्रक होते.

पाड्यापाड्यांवर गावरान कोंबड्या पाळणाऱ्या जव्हार-मोखाड्यात ही गोष्ट ऐकणाऱ्याला लगेच पटते. काकांनी तर विचारले, किती अंडी मावत असतील?

माझी एक आग्रहाची सूचना आहे. निर्लेखनाच्या यादीत ‘मायक्रोप्रोसेसर किट, १ नग’ एवढे लिहून पेटी देऊन टाकण्याआधी संस्थांनी पाटीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत आणि ईप्रॉम वाचून ठेवावी. विभागात जुने शिक्षक असतील तर कार्ड कोणी केले हेही विचारून लिहावे. एका दुपारचे काम आहे. आपल्या प्रयोगशाळांत घडलेली अशी कार्डे एकेकटी असतात. त्यांची दुसरी प्रत कुठे मिळत नाही.

किट आता चालते. एलएम३५ नवा घातला, पहिल्या रिलेवर साठ वॉटचा बल्ब जोडला आणि थर्माकोलच्या खोक्यात तापमान ३७ ते ३८ च्या मध्ये राहते. कार्डाचा पूर्ण नकाशा काढला आहे आणि कोडाच्या प्रत्येक ओळीपुढे मराठीत अर्थ लिहिला आहे. एडीसीच्या आणखी एका चॅनेलपर्यंत ट्रॅक कोरलेला असून तिथे तीन पायांच्या सेन्सरची जागा सोडली आहे, पण कोड ते चॅनेल कधीच वाचत नाही. उबवणीला आर्द्रताही लागते. करणाऱ्याच्या मनात पुढचा टप्पा तोच असावा. तिथे सेन्सर बसवण्याचा मोह मी आवरला. मूळ कार्ड जसे होते तसे राहील. आर्द्रतेसाठी त्याच नकाशावरून दुसरे कार्ड करतो आहे.