दुसऱ्याच्या हातातली गरी

देवबागच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांखाली घरं. इथलं पोर नीट चालायला लागलं की गरवायला जातं. ज्याच्या होडीत मी बसलो होतो, त्या तिशीतल्या तरुणाचंही बालपण असंच गेलेलं. बोटाला गुंडाळलेली दोरी, गरीला सुंगट आणि घरच्या कालवणापुरत्या शेंगट्या नाहीतर काळुंदरं. आता तो पाहुण्यांना गरवायला नेतो आणि त्यावर घर चालवतो. ‘आवडीचंच काम मिळालं, नशीबवान आहेस,’ असं त्याला बहुतेक पाहुणे ऐकवतात. मला ते वाक्य अर्धवट वाटलं. आवडीचं काम आहे खरं, पण मासा ओढण्याची मजा आता दुसरे घेतात. त्याचा स्वतःचा रॉड होडीच्या तळाशी पडलेला असतो. पाहुणे असताना तो त्याला हात लावत नाही.

त्या दिवशी पुण्याचे बापलेक आले होते. उजाडायच्या आत होडी सुटली, पण खाडीत पोचल्यावर त्याने नांगर टाकला आणि स्वस्थ बसून राहिला. मुलाची चुळबुळ सुरू झाली. “रवा जरा, पाणी अजून वळूक नाय,” एवढंच उत्तर. तिथी दशमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. म्हणजे साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. मोबाइलवर भरतीचं कोष्टक त्याच्याकडेही आहे, पण दोन्ही जुळले की तो खूश होतो. अष्टमीचा भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, सरत आलेला, त्यामुळे पाण्याला ओढ येऊ लागलेली, तरी उधाणासारखा गाळ ढवळलेला नाही. ओहोटी लागली की कांदळवनातलं पाणी बारक्या चरांमधून खाडीत उतरतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी वाहत येते, आणि तांबोशी, जिताडा अशा चरांच्या तोंडाशी दबा धरून असतात. पाहुणा पैसे मोजतो ते या माहितीचे. रॉड काय, कुणीही विकत घेऊ शकतो.

वाट पाहताना त्याचे हात रिकामे नव्हते. रिळावरच्या बारीक विणीच्या दोरीला पुढे जाड, पारदर्शक लीडर जोडायचा असतो, कारण जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण पात्यासारखं धारदार असतं; नुसती दोरी झटक्यात कापली जाते. ती गाठ त्याने दातात एक टोक धरून मारली, ओली केली, ओढून पाहिली, मनाजोगती नाही म्हणून कापली आणि परत मारली. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला. हे सगळं चालू असताना डोळे पाहुण्यांवरच. मुलगा उभा राहिला की हा नकळत दुसऱ्या बाजूला सरके, होडीचा तोल सांभाळायला.

पाणी वळलं. मुलाने फेकलेलं आमिष पहिल्यांदा कांदळाच्या मुळात अडकलं, मग फार अलीकडे पडलं. याने एकदाही रॉड हातातून घेतला नाही. फक्त “थोडा डावीकडे” म्हणत राहिला. मग रॉड एकाएकी वाकला. तांबोशी होती. लागली की ती थेट मुळांकडे धावते आणि तिथे पोचली की खेळ संपला. “सोडू नका, सोडू नका!” हा पहिल्यांदाच ओरडला. त्याची मूठ रिकामी, पण रॉड धरल्यासारखी आवळलेली. शिक्षकाला पोरांच्या परीक्षेत बाहेर उभं राहावं लागतं, तसं ते होतं.

मासा होडीत आला. फोटो झाला. वडिलांनी विचारलं, आज जेवायला ना? इथे त्याच्या कामाचा सर्वांत अवघड भाग सुरू होतो. तांबोशी त्याने दिली. मोठा जिताडा असता तर सोडायला लावला असता. जिताडा नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा बहुतेक वेळा अंड्यांचा साठा असतो. हे तो गावातही सांगतो, पण तिथे त्याला टोमणेच मिळतात. “धरलेलो मासो सोडूक पैशे घेतंस?” असं त्याचा चुलता अजून विचारतो. मला चुलत्याचा प्रश्न वाटतो तितका खुळा वाटत नाही. ज्या घरात मासा म्हणजे जेवण, तिथे तो सोडून देणं ही चैनच. पुतण्याचं म्हणणं एवढंच, की चैनीला गिऱ्हाईक आहे आणि मासा दुसऱ्या दिवशीही खाडीत असतो.

बाकीचं काम कुठल्याही धंद्यासारखं. लाइफ जॅकेटं मोजायची, इंजिन धुवायचं, ओकणाऱ्या पाहुण्याला लिंबू द्यायचं. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर चढवायची आणि रिळं खोलून तेल द्यायचं.

गरवायला जायचं असेल तर अशा माणसाला फोन करताना आपली सुट्टी सांगून अडून बसू नका. पाणी कधी चांगलं आहे ते त्याला विचारा आणि रजा त्याप्रमाणे काढा. मासा लागला नाही तरी पैसे पूर्ण द्या. तो वेळेचे आणि होडीचे घेतो. आणि जमलं तर परतताना अर्धा तास रॉड त्याच्या हातात द्या.