निळ्या बाटलीच्या आधी

गुरुवार म्हणजे आमच्या पिंपरीचा रविवार. एमआयडीसीला सुट्टी आणि महावितरणची दुरुस्तीची कामंही त्याच दिवशी, त्यामुळे भर दुपारी दोन तास वीज गेली तरी कुणी तक्रार करत नाही. जानेवारीतल्या अशाच एका गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा दारात आला. हातात निळ्या औषधाची बाटली.

"काका, आमच्या एंजलला दाणे आलेत. दुकानातले म्हणाले दहा थेंब टाक. पप्पा म्हणाले, आधी काकांना विचार."

वर जाऊन पाहिलं. दोन फुटी टाकी, दोन एंजल, सहा टेट्रा, तळाला चिकटलेला एक सकर. मोठ्या एंजलच्या शेपटीवर रवा चिकटावा तसे पांढरे कण. कल्ले भराभर हलत होते आणि मधूनच तो खडीवर अंग घासून उसळी मारत होता. मी तीन प्रश्न विचारले. पाणी कधी बदललं? "परवा, सगळंच्या सगळं." टाकी कशानं घासली? "भांड्याच्या साबणानं. फिल्टरचा स्पंजपण धुतला, एकदम पांढरा झाला." नवीन मासे कधी आणले? "टेट्रा मागच्या गुरुवारी." आजाराची हकिगत तिथेच पुरी झाली. बाटलीचं बूच उघडायची वेळ अजून आलेली नव्हती.

"पाणी नितळ आहे, म्हणजे स्वच्छ आहे"

मासे पाळणाऱ्यांचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. माशाची खरी घाण डोळ्यांना दिसत नाही. तो अमोनिया बाहेर टाकतो, तोही बराचसा कल्ल्यांवाटे. उरलेलं खाणं आणि कुजलेली पानं त्यात भर घालतात. पाण्यात अमोनिया असला तरी पाणी काचेसारखंच दिसतं.

या अमोनियाचा निकाल लावतात ते जिवाणू. एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषच, त्यानं रक्त तपकिरी पडतं, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि मासा पाण्याच्या वरच्या थरात येऊन धापा टाकतो. दुसरी टोळी नायट्राइटचं नायट्रेट करते. ते बरंच सौम्य, आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतं. या दोन्ही टोळ्या पाण्यात फारशा नसतात. स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. म्हणूनच हौसेनं टाकी आणली की मासे बहुधा पहिल्या दिवशी मरत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मरतात आणि आपण दुकानदाराला बोल लावतो.

घरातल्या बायकांना हे समजवायला मला कधी वेळ लागलेला नाही. स्पंज म्हणजे विरजण. पातेलं साबणानं लख्ख घासून, विरजण न लावता, सकाळी दही का लागलं नाही म्हणून विचारायचं, तसाच हा प्रकार. स्पंज पिळायचाच तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर जुन्या पाण्यात, तोही हलक्या हातानं. साबण टाकीच्या आसपासही नको.

"नळाचं पाणी एकच असतं"

आपल्याकडे तर अजिबात नाही. पवना धरणाचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललं जातं, निगडीच्या सेक्टर 23 मधल्या केंद्रात शुद्ध होतं आणि क्लोरीन मिसळून घरी येतं. धरणाचं पाणी मऊ. पण उन्हाळ्यात सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत टँकर रिकामा होतो, त्यात बोअरचं पाणी मिसळतं आणि त्याच नळाला जड, क्षारांचं पाणी येतं. बादलीवर पांढरे डाग पडायला लागले की समजावं.

माशाला याचा फटका दोन्हीकडून बसतो. एक तर पाणी अचानक बदलतं. दुसरं असं की अमोनियाचा जहरीपणा पाण्याच्या सामूवर अवलंबून असतो. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर एकूण अमोनियातला शेकडा एक भागही विषारी रूपात नसतो. सामू 8 झाला की तोच 5 भागांच्या वर जातो. बोअरचं पाणी बहुधा 8 कडे झुकलेलं असतं. मासे तेच, खाणं तेच, आणि विष नऊ-दहा पट.

क्लोरीनचा उपाय सोपा आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता, पण मासेवाल्यांना साठवणीची सवय लागली ती तेव्हाच. उघड्या बादलीत दिवसभर ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरिन मिळतं. ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटोग्राफरांच्या डार्करूममधला 'हायपो'. सोसायटीची टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर टाकल्याची नोटीस लिफ्टमध्ये लागली की मात्र दोन दिवस पाण्याला हातच लावू नये.

"मग आरओचं पाणी घालू, ते तर सगळ्यात शुद्ध" असंही कुणीतरी म्हणतंच. त्यातले क्षार निघून गेलेले असतात, त्यामुळे सामू जागेवर राहत नाही आणि माशाचं अंग फुकट पाणी उपसत बसतं. जड पाण्यात थोडं आरओचं मिसळणं ठीक. टाकीभर नको.

"ठिपके गेले, आजार गेला"

एंजलच्या अंगावरच्या त्या रव्याला मासेवाले 'इक' म्हणतात. इक्थिओफ्थिरियस नावाच्या एकपेशी परजीवीचं हे घरगुती नाव. यातली मेख अशी की दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून खाणारा परजीवी, आणि तिथे त्याला कुठलंच थेंबाचं औषध पोचत नाही. पोट भरलं की तो कातडी फोडून खाली पडतो, खडीवर कवच करून बसतो आणि आत फुटत फुटत शेकडो पिल्लं तयार करतो. ती पिल्लं पाण्यात सुटतात आणि दीड-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषधाचा वार बसतो तो या पोहणाऱ्या पिल्लांवर, बाकी कशावर नाही.

म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी मासा स्वच्छ दिसतो आणि आपण औषध थांबवतो तीच नेमकी चूक. ठिपके गेले नाहीत, खाली पडलेत. 25-26 अंशांना हा फेरा आठवड्याच्या आत पुरा होतो, थंड पाण्यात तो रेंगाळतो. उपचार निदान दोन आठवडे चालला पाहिजे.

तापमानाचं आणखी एक आहे. एंजल आणि टेट्रा दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण नद्यांचे. त्यांना 25 ते 28 अंश लागतात. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतं, हीटर कशाला?" असं सगळे विचारतात. पण जानेवारीत पिंपरीचा पारा रात्री 10 अंशांजवळ येतो, खोलीतल्या टाकीचं पाणी 20 वर उतरतं आणि दुपारी परत चढतं. ही चढउतार माशाची प्रतिकारशक्ती खाते. दर लिटरला साधारण एक वॅट हा हिशेब. दोन फुटी टाकीत पाणी पन्नासेक लिटर, म्हणजे 50 वॅटचा हीटर पुरे.

"निळं औषध टाकलं तर नुकसान तर नाही ना?"

आहे. ती बाटली बहुधा मिथिलीन ब्लूची असते. या रंगाची गोष्ट मोठी मजेशीर आहे. जर्मनीत पाउल एर्लिख आणि त्याच्या सहकाऱ्यानं 1891 साली मलेरियाच्या रुग्णांना हा रंग देऊन पाहिला. प्रयोगशाळेत बनवलेला रंग माणसाला औषध म्हणून देण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांतला तो एक. नायट्राइटनं तपकिरी पडलेलं रक्तही हाच रंग पूर्ववत करतो, माणसात आणि माशातही. पण मुख्य टाकीत ओतला की तो स्पंजवरच्या जिवाणूंनाही मारतो. म्हणजे नायट्राइटचा उतारा द्यायचा आणि नायट्राइट खाणारेच संपवायचे. शिवाय टाकीच्या कडांचं सिलिकॉन निळं होतं ते कायमचं.

त्याची जागा वेगळ्या टबात, आजारी माशाबरोबर. असाच वीस लिटरचा टब नव्या माशांसाठीही हवा. कोलकाता, चेन्नईचं कोळत्तूर, मुंबईचं कुर्ला असा पिशव्यांतला प्रवास करून मासा आपल्या दुकानात येतो. त्याला दोन-तीन आठवडे वेगळं ठेवलं तर मागच्या गुरुवारच्या टेट्रांनी एंजलला प्रसाद दिला नसता. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये हेही त्यातच आलं.

माणसांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकणं तर त्याहून वाईट. इकवर त्यांचा काही उपयोग नाही, आणि टेट्रासायक्लिन जड पाण्यातल्या कॅल्शियमशी बांधलं जाऊन निम्मंअधिक वाया जातं.

त्यापेक्षा मीठ बरं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सतत शिरत असतं, ते उपसण्यात त्याची शक्ती जाते. पाण्यात थोडं मीठ असलं की हे ओझं हलकं होतं, आणि इकच्या पिल्लांना मीठ सोसत नाही. आयोडीनयुक्त मिठानं मासे मरतात ही अफवा आहे, त्यातलं आयोडीन इतकं किरकोळ असतं की मासा त्याची दखलही घेत नाही. खडे मीठ मिळालं तर छानच. टेट्रा, सकर आणि पानवनस्पती मिठाला नाजूक, म्हणून आम्ही लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे त्या टाकीला 50 ग्रॅम, तीन वेळा विभागून, विरघळवून घातलं. हीटर लावून दोन दिवसांत पाणी हळूहळू 30 अंशांवर नेलं आणि हवेचा पंप जोरात ठेवला, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमध्ये 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. रोज नळीनं खडी उपसून थोडं पाणी बदललं. खडीवर बसलेले ते कवचवाले तसेच बाहेर जातात.

पंपाचे बुडबुडे म्हणजे ऑक्सिजन, हेही खरं नाही. बुडबुडा वर येताना पाणी ढवळतो, पृष्ठभाग हलवतो, आणि हवा तिथून विरघळते. म्हणून उभट टाकीपेक्षा पसरट टाकी चांगली, आणि वाटीसारखं गोल भांडं सगळ्यात वाईट. रोम शहरानं तर 2005 मध्ये अशा भांड्यांवर बंदीच घातली. गुरुवारच्या वीजकपातीसाठी सेलवर चालणारा छोटा पंप ठेवावा. नाहीच तर मगनं पाणी उचलून परत ओतत बसावं, दर दहा मिनिटांनी.

खाण्याबद्दल एकच. काचेजवळ गेलं की मासे झेपावतात ते भुकेनं नव्हे, सवयीनं. दिवाळीत गावी जाताना शेजारच्या काकूंना खाण्याचा डबा दिलात तर माया म्हणून त्या अर्धा संपवतील. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. फारच वाटलं तर चिमूटभराच्या दोन पुड्या बांधून द्याव्यात, डबा कपाटात.

"सकर टाकी साफ करतो, मोठा झाला की नदीत सोडू"

सकर शेवाळ खातो, घाण नाही; उलट स्वतःच भरपूर घाण करतो. आणि तो टाकीएवढाच वाढतो हे चूक. टाकी लहान असेल तर तो खुरटतो, आजारी पडतो. एरवी दीड फुटापर्यंत जातो. मग "बिचाऱ्याला जीवदान" म्हणून घाटावर नेतात. पवनेत सोडला तर तो दापोडीला मुळेत, पुढे मुळा-मुठेतून भीमेत. इंद्रायणीत सोडला तर तुळापूरला भीमेत. दोन्ही वाटा उजनीलाच पोचतात. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत आता हा सकर येतो. खवल्यांच्या जागी हाडासारखे खरबरीत पत्रे, टोकदार काटे. जाळं फाटतं आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. वाढलेला सकर दुकानदाराला परत द्यावा, बरेच जण घेतात.

तिसऱ्या मजल्यावरचा मोठा एंजल वाचला. पाचव्या दिवशी ठिपके गेले तेव्हा मुलाला सगळं थांबवायचं होतं, पण दोन आठवडे त्यानं नेटानं मीठ-पाणी सांभाळलं. एक टेट्रा मात्र गेला. मी चौकशीला गेलो तेव्हा आजी देवापुढे दिवा लावत होत्या.

"घरावरचं काहीतरी अंगावर घेऊन गेला हो तो," त्या म्हणाल्या. "वास्तूवाले सांगतातच की."

वास्तूवाल्यांनी हे फेंगशुईतून उसनं घेतलं आहे, आठ सोनेरी आणि एक काळा वगैरे. पण आजींशी वाद कोण घालणार? मी टाकीच्या पाण्याला हात लावला. गार होतं. मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग बोर्डकडे. हीटरची पिन खाली लोंबत होती आणि तिच्या जागी आजोबांचा मोबाइल चार्ज होत होता, 94 टक्के.