दोन कुशींच्या मध्ये

2016 च्या पावसाळ्यात सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, निम्मं बोलणंही गेलं. 2023 च्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मधली वर्षं मी गुंजवण्यात दोन कामं केली, त्यांची शुश्रूषा आणि प्रेमकथा. दिवाळी अंकांसाठी दीर्घकथा, मध्येच एखादी लहानशी कादंबरी. पहिल्या कामाने दुसऱ्याचा वेळ खाल्ला हे खरंच. पण आज ती पानं चाळताना दिसतं की दुसऱ्याला वळण लावलं तेही पहिल्यानेच.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी, टाचांना कातडी लाल होते आणि जखम धरते. दोन कुशींच्या मधून औषधं, कपडे, स्वयंपाक वजा केला की उरेल तेवढ्यात प्रसंग बसवायचा. पूर्वी माझी नायिका खिडकीशी उभी राहून पानंच्या पानं आठवणी काढत असे. ती चैन संपली. मी संवाद आधी लिहू लागले, वर्णन मागाहून. उठताना वाक्य मुद्दाम अर्धं सोडायचं. परत आल्यावर धागा चटकन हाती लागतो. वीज गेली की फोन बाजूला ठेवून वहीत.

दिवाळी अंकांचं वेळापत्रक मात्र आमच्या गावाला अजिबात धार्जिणं नाही. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून वाचकाची दिवाळी आश्विनात, पण लिहिणाऱ्याची ऐन पावसात. संपादक मजकूर मागतात जुलै-ऑगस्टात, आणि राजगडाच्या पायथ्याला तेव्हा भातलावणी. झाडून सगळे चिखलात, घरी मी आणि आत्या, म्हणजे सासूबाई. खरं सांगायचं तर तीच माझी सुगी असायची. 'बिचारी अडकून पडली' म्हणत शेजारणी शेताकडे जायच्या, आणि मी मनातल्या मनात खूश.

आत्यांना वाचता येत नव्हतं. लिहून झालं की मी वाचून दाखवी. इंग्रजीत प्रेमकादंबऱ्यांसाठी गाजलेल्या जॉर्जेट हेयरने पहिली गोष्ट रचली ती आजारी भावाच्या करमणुकीसाठी, वयाच्या सतराव्या वर्षी. 1921 मध्ये तिची कादंबरी छापून आली. शार्लट ब्राँटी 1846 साली वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मँचेस्टरला गेली. ते अंधाऱ्या खोलीत पडून असताना तिने 'जेन एअर' लिहायला घेतली. म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी प्रेमकथा ही काही नवी गोष्ट नव्हे. पण आमच्या श्रोत्या कौतुकाच्या नव्हत्या. नायक मुंबईहून गाडी घेऊन येतो, मार्गासनीच्या पुढे दोघं पावसात भिजतात, इथवर त्यांनी ऐकून घेतलं. मग अडखळत विचारलं, "त्येला आय न्हाय व्हय?"

"आहे की. मुंबईला."

"मंग तिला कोन बगतंय?"

मी जुन्या वह्या काढल्या. माझ्या एकाही नायकाच्या घरात आजारी माणूस नव्हतं. आईबाप होते, पण लग्नाला विरोध करण्यापुरते, धडधाकट. खांडेकरांच्या 'ययाती'त (1959) पुरू बापाचं म्हातारपण अंगावर घेतो. पण तिथे देणंघेणं एका क्षणात उरकतं. आमच्याकडे म्हातारपण हप्त्याहप्त्याने येतं, आणि ते घ्यायला पुरूपेक्षा पुरूची बायकोच जास्त वेळा पुढे असते.

आमच्या घरात रात्रीची कूस मात्र यांच्याकडे होती. वारं गेलेल्या हाताची मूठ आवळत जाते, नखं तळव्यात रुततात. हे कोमट पाण्याचा तांब्या घेऊन बसायचे. बोटं ओढायची नाहीत. आधी मनगट आतल्या बाजूला हलकेच वाकवायचं, मग मूठ आपोआप सैल पडते. एकेक बोट उलगडायचं, मधली जागा पुसायची, नख कापायचं. मी ते तसंच्या तसं नायकाला दिलं. नायिका दारात उभी राहून पाहते आणि तिथेच तिचं ठरतं. एका संपादकांनी कळवलं, प्रेमकथेत हे नको. मी तो प्रसंग काढला नाही, कथा दुसरीकडे दिली. माझ्या आधीच्या कथांमधला स्पर्श बहुतेक गजऱ्याच्या वासाने भागायचा; इथे पहिल्यांदा हाताला वजन आलं, असं माझं मत. दाखला शोधायला लांब जावं लागलं नाही. शनिवार-रविवारी गडावरून चोरदरवाजाच्या वाटेने जोडपी उतरतात, गुडघे लटपटत असतात. कोण कुणाला कसा हात देतो, ते मी अंगणातल्या बाकावर ताक देता देता न्याहाळते.

आता वेळ आहे, तर प्रसंग पुन्हा लांबायला लागलेत आणि मला ते छाटावे लागतात. शेवट गोड करायचा हा या धंद्याचा नियम मी मोडत नाही, लग्न लावतेच. फक्त नव्या घरात बाहेरच्या खोलीत एक खाट असते, आणि रात्री कुणी उठायचं हे दोघांनी साखरपुड्याआधीच बोलून ठेवलेलं असतं.